त्याच रात्री सांगायचं

प्रिय पोरी,

तुझं पत्र वाचलं. शेवटी तू विचारलंयस, "आता ऑनलाइन रिव्ह्यू लिहू, ऑफिसला कळवू, की सोडून देऊ?" तीन पर्याय दिलेस, आणि जो खरा होता तो तुझ्या पत्रात कुठेच नाही. त्या रात्री खाली हॉटेलच्या काउंटरवर जाऊन "मला दुसरी खोली द्या" असं का नाही म्हणालीस? मला राग आलाय. तुझ्यावर कमी, तुला असं गप्प बसायला शिकवणाऱ्यांवर जास्त. पण पत्र तुला लिहितेय, तेव्हा थोडा तुझ्याही वाट्याला येईल.

काय झालं ते तू फार घाईत उरकलंयस, म्हणून मीच एकदा नीट मांडते. ऑफिसच्या कामाने दौऱ्यावर गेलीस, रात्री साडेदहाला हॉटेलात पोचलीस. खोली कॉरिडॉरच्या टोकाला, सर्व्हिस लिफ्टला लागून. एसी लावलास आणि अर्ध्या तासात त्यातून पाणी ठिबकायला लागलं, तेही पलंगाच्या उशाशी. रिसेप्शनला फोन केलास, "पाठवतो" म्हणाले, कोणी आलं नाही. दुसऱ्यांदा फोन करायचा तुला संकोच वाटला. मग अंघोळीच्या टॉवेलची घडी करून ठिबक पडत होती तिथे ठेवलीस, थेंबांचा आवाज होऊ नये म्हणून. पलंग एकटीने हातभर सरकवलास. एसी बंद केला की कोंदट, चालू केला की पाणी, आणि भिंतीपलीकडे लिफ्टचं दार. तीननंतर कधीतरी डोळा लागला. सकाळी नऊच्या मीटिंगमध्ये तोंडपाठ असलेले आकडे ऐनवेळी आठवेनात. आणि निघताना काउंटरवरच्या मुलाने विचारलं, "कसा झाला मुक्काम?" तर तू म्हणालीस, "छान."

त्या टॉवेलवर आणि त्या "छान"वर मी अडकले आहे. पलंग सरकवायला लागलेली ताकद लिफ्टने खाली जायला लागली नसती. डोकं तू चालवलंसच, हातही चालवलेस, फक्त ते सगळं कोणाला त्रास होऊ नये यासाठी खर्ची घातलंस. ज्यांनी त्या रात्रीचे पैसे घेतले होते, त्यांना त्रास होऊ नये म्हणून!

तू लिहितेस, "एकच तर रात्र होती." अगं, एकच रात्र असते म्हणूनच ती महत्त्वाची. अनोळखी जागी पहिली रात्र तशीही कच्ची जाते. झोपेचा अभ्यास करणाऱ्यांना ही गोष्ट १९६० च्या दशकापासून माहीत आहे. प्रयोगशाळेत माणूस पहिल्या रात्री नीट झोपतच नाही, म्हणून त्या रात्रीच्या नोंदी ते बाजूला ठेवत. पुढे २०१६ मध्ये अमेरिकेतल्या ब्राऊन विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवलं की नव्या जागी पहिल्या रात्री मेंदूचे दोन्ही भाग सारखे झोपत नाहीत. गाढ झोपेतसुद्धा डावा भाग अर्धवट जागा राहतो, परका आवाज आला की तो आधी दखल घेतो आणि माणूस लवकर जागा होतो. पुढच्या खेपेला तोच माणूस त्याच जागी झोपला, तेव्हा हा फरक राहिला नाही. म्हणजे कामाच्या दौऱ्यावरची एक रात्र ही नेमकी तीच रात्र, जिच्यात तुझा मेंदू राखण करत बसलेला असतो. त्यात तुला लिफ्टशेजारी झोपवलं. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ मध्ये झोपायच्या खोलीसाठी सरासरी ३० डेसिबलची मर्यादा सुचवली होती, आणि सुटा आवाज ४५ च्या पुढे जाऊ नये असं म्हटलं होतं. लोखंडी दार धाडकन लागतं तेव्हा हा हिशोब कुठे राहतो, ते तू रात्रभर ऐकलंच आहेस.

आणि ती खोली म्हणजे कोणी तुझ्यावर केलेली मेहेरबानी नव्हती. कंपनीने तुला दर दहा मिनिटांनी बंद पडणारा लॅपटॉप दिला असता, तर तू तो टॉवेलात गुंडाळून मीटिंगला नेला असतास का? आयटीवाल्यांना तासाभरात चार फोन गेले असते, आणि त्यात संकोच वाटला नसता. दौऱ्यावरची खोली हे तितकंच कामाचं साधन आहे. सकाळी नऊला तुझं डोकं चालावं, एवढ्यासाठीच तिचे पैसे भरलेले असतात.

आता "त्याच रात्री" यावर मी इतकी का अडून बसते ते ऐक. हॉटेलचा धंदाच तसा चालतो. हॉटेल विकतं ती खोलीची एक रात्र, आणि आजची न विकलेली रात्र उद्या विकता येत नाही. संध्याकाळी सहाला काउंटरवरचा माणूस रिकाम्या खोल्या राखून ठेवतो, कारण गिऱ्हाईक येईल अशी आशा असते. रात्री अकराला तीच खोली रिकामी असेल तर ती बहुतेक रिकामीच राहणार, हे त्यालाही कळतं. तेव्हा तुला तिकडे हलवायचं तर हॉटेलला खर्च किती? चादरी बदलण्याचा आणि सकाळी आणखी एक खोली झाडण्याचा. अकराची वेळ तुझ्या बाजूची असते, पोरी. तुला वाटत होतं की उशीर झालाय, आता कशाला त्रास द्यायचा. नेमकं उलट होतं.

मग मध्यरात्रीनंतर, साधारण बारा ते तीनच्या दरम्यान, नाइट ऑडिट होतं. रात्रपाळीचा माणूस प्रत्येक खोलीचं भाडं ज्याच्या-त्याच्या बिलावर चढवतो, दिवसभराच्या जमा-खर्चाचा मेळ घालतो आणि सिस्टिमची तारीख पुढे सरकवतो. हॉटेलचा दिवस तिथे संपतो. त्याआधी तुझी खोली ही सोडवायची अडचण असते. त्यानंतर ती विकली गेलेली, वापरली गेलेली, बिल झालेली रात्र होते. त्यातून एक पैसा कमी करायचा तर कारण लिहावं लागतं, मॅनेजरची सही लागते. सकाळी पाळी बदलते. नव्या पाळीतला मुलगा लॉगबुक उघडतो, त्यात तुझ्या खोलीबद्दल ओळही नसते, कारण तू एकदा फोन केलास आणि फोन घेणाऱ्याने तो लिहिला नाही. साफसफाईला आलेल्या बाईंना एक ओला टॉवेल दिसतो, बस. आता तू "रात्रभर झोपले नाही" म्हणालीस तरी तो काय करणार? माफी मागेल, फार तर पुढच्या वेळी काहीतरी सवलत देईन म्हणेल. तुझी झोप त्याच्या हातात राहिलेली नसते. ती अकरा वाजता होती.

म्हणून त्याच रात्री. सकाळी नाही, चेक-आउटला नाही, घरी आल्यावर तर नाहीच.

हॉटेलवाल्यांनासुद्धा हे हवं असतं, म्हणजे त्यातल्या शहाण्यांना. १९८९ मध्ये हॅम्प्टन इन या साखळीने पाहुण्यांना लेखी हमी दिली होती, समाधान झालं नाही तर त्या रात्रीचे पैसे घेणार नाही. ते कबूल करायचा अधिकार मॅनेजरपुरता ठेवला नव्हता, साध्या कर्मचाऱ्यालाही दिला होता. एरवी पाहुणे गप्प बसतात आणि परत येत नाहीत, त्यात धंद्याचं जास्त नुकसान आहे, हे त्यांना कळलं होतं. १९९२ मध्ये मॅककॉलो आणि भारद्वाज या अभ्यासकांनी याला "सर्व्हिस रिकव्हरी पॅराडॉक्स" असं नाव दिलं. चूक झाली आणि ती तत्परतेने निस्तरली, तर तो पाहुणा कधीकधी काहीच चूक न झालेल्या पाहुण्यापेक्षाही जास्त खूश होतो. नंतरच्या अभ्यासांत हे दर वेळी दिसलं नाही, ते खरं. पण निस्तरायला संधी तर मिळायला हवी ना? तू "छान" म्हणून ती संधी घेऊन निघून गेलीस. त्या खोलीत दुसऱ्या रात्री जो कोणी झोपला असेल, त्याच्या उशाशीही पाणी पडलं असणार.

सांगायचं कसं, तेही लिहिते, कारण मला माहीत आहे की तुला शब्दच सुचत नाहीत. फोन एकदा करायचा. दहा-पंधरा मिनिटं थांबायचं. मग मोबाइलवर ठिबकणाऱ्या पाण्याचा छोटा व्हिडिओ घ्यायचा, खोलीची किल्ली उचलायची आणि खाली जायचं. फोनवरच्या आवाजाला "पाठवतो" म्हणणं सोपं असतं, समोर उभ्या असलेल्या माणसाला तेच सांगून कटवता येत नाही. "बघा ना, जरा एसीचं काहीतरी होतंय" असं बोलायचं नाही. "सॉरी, तुम्हाला त्रास देतेय" हे तर अजिबात नाही. म्हणायचं, "एसीतून पलंगावर पाणी पडतंय. मला दुसरी खोली हवी आहे, लिफ्टपासून लांबची." आणि गप्प उभं राहायचं. ती शांतता तुला जड जाईल. जाऊ दे. तू ती भरून काढायला लागलीस की "तसं फार नाही हो, चालेलसुद्धा" असं तुझ्या तोंडून निघून जाईल. मी तुला ओळखते.

दुरुस्ती मागायची नाही, खोली मागायची. एसीतून पाणी पडतं ते बहुतेक वेळा पाणी बाहेर नेणारी नळी तुंबलेली असते म्हणून. ती साफ करायला माणूस, शिडी, बादली आणि तासभर वेळ लागतो. रात्री बारा वाजता तू एकटी असताना अनोळखी माणूस शिडी घेऊन तुझ्या खोलीत येणार, हे तुला नकोय आणि मलाही नकोय.

"सगळं फुल्ल आहे" असं उत्तर येईल. कधी ते खरं असतं, कधी तोंडात बसलेलं असतं. तेव्हा शांतपणे ड्यूटी मॅनेजरला बोलवायला सांगायचं आणि विचारायचं, "आज जे बुकिंग करून आलेच नाहीत, त्यांच्या खोल्या किती?" हा प्रश्न विचारला की समोरच्याला कळतं, हिला धंदा कळतो. काही लोक ऐनवेळी येत नाहीत हे धरूनच बरीच हॉटेलं खोल्यांपेक्षा जास्त बुकिंग घेतात. कधी सगळेच येऊन ठेपले, तर एखाद्या पाहुण्याला आपल्या खर्चाने दुसऱ्या हॉटेलात पाठवायची धंद्यातली रीत आहे. म्हणजे शेजारच्या हॉटेलात फोन करून खोली मिळवणं त्यांना नवं नसतं. तुझ्यासाठीही ते करता येतं. आणि हे लक्षात ठेव की असं बाहेर पाठवायची किंवा उरलीसुरली खोली द्यायची वेळ आली की नंबर बहुधा कोणाचा लागतो? उशिरा येणाऱ्याचा, एका रात्रीसाठी आलेल्याचा, तिसऱ्याच वेबसाइटवरून बुकिंग केलेल्याचा. या तिन्ही गोष्टी तुला लागू होत्या. सर्व्हिस लिफ्टशेजारची खोली तुझ्या वाट्याला आली यात नशिबाचा काही संबंध नाही. दुपारी एक फोन करून "मी साडेदहाला येतेय, शांत खोली ठेवा" एवढं सांगितलं असतंस, तर ती चांगली खोली तुझ्या नावाने बाजूला राहण्याची शक्यता बरीच वाढली असती.

नवी खोली मिळाली की सामान हलवण्याआधी ती बघायची. एसी लावून पाच मिनिटं थांब, गादीच्या शिवणीवर काळे ठिपके नाहीत ना ते चादर उचलून बघ, ढेकणांची खूण तीच. आतली कडी नीट लागते का, शेजारच्या खोलीत उघडणारं दार असेल तर त्याला कुलूप आहे का. काउंटरवरच्या माणसाने खोलीचा नंबर चारचौघांत मोठ्याने उच्चारला, तर दुसरी खोली मागायची, कारण सांगून, की माझी खोली आता सगळ्यांना कळली. आणि दार ते आगीच्या वेळचा जिना, हे अंतर एकदा स्वतः चालून यायचं. जिन्याचं दार ढकलून बघायचं.

हे शेवटचं वाक्य मी वरवर लिहिलेलं नाही.

खूप वर्षांपूर्वी माझ्या साहेबांबरोबर मी दौऱ्यावर होते. हॉटेल त्यांनी ठरवलं होतं, मालक त्यांच्या जुन्या ओळखीचे. माझी खोली वरच्या मजल्यावर. जिन्याचं दार बघायला गेले तर दारापुढे समारंभाच्या खुर्च्या एकात एक रचून छतापर्यंत गेलेल्या, आणि त्यांच्यामागे दाराच्या दोन्ही कड्यांतून साखळी ओवून कुलूप घातलेलं. कुलपावर धूळ होती, म्हणजे ते आजकालचं नव्हतं. खाली गेले, सांगितलं. "चोऱ्या होतात म्हणून बंद ठेवतो," असं उत्तर मिळालं. किल्ली कोणाकडे आहे तेही कोणाला माहीत नव्हतं. साहेब झोपायच्या कपड्यांत खाली आले, माझ्याकडे न बघता म्हणाले, "सकाळी बोलू." मी म्हणाले, "सकाळी नाही. कुलूप आत्ता काढा, नाहीतर मी इथे झोपणार नाही." कुलूप निघालं नाही. मी बॅग घेतली आणि स्वतःच्या पैशाने दुसरीकडे गेले.

त्या साहेबांनी मला काम शिकवलं होतं. ताळेबंद कसा वाचायचा, मीटिंगमध्ये समोरच्याला बोलू कसं द्यायचं, वाईट बातमी पत्रात कितव्या ओळीत घालायची, सगळं त्यांचं. त्या रात्रीनंतर त्यांनी मला दौऱ्यावर नेलं नाही. मी दोन वर्षं सांभाळलेलं गिऱ्हाईक दुसऱ्याकडे गेलं. "फार ताठ आहे ती," असं ते कोणाशी तरी बोलल्याचं माझ्या कानावर आलं. आता ते निवृत्त आहेत. भेट झाली की एकमेकांच्या तब्येतीची चौकशी होते, पुढे शब्द सरकत नाही. याचं मला फार वाईट वाटतं. त्यांचा फोन नंबर माझ्याकडे आहे आणि कित्येकदा वाटतं की करावा. पण त्या कुलपाबद्दल बोलल्याचं मला कधीच वाईट वाटलेलं नाही. त्यांच्या मित्रासमोर त्यांना अवघडल्यासारखं झालं हे मला समजतं. मी तरीही हेच केलं असतं, त्याच शब्दांत, त्याच वेळी.

मला लोक म्हणायचे की तू फार ताणतेस, काही झालं का त्या रात्री? नाही झालं. अमेरिकेत अटलांटा शहरातल्या वाइनकॉफ हॉटेलची जाहिरातच "पूर्णपणे अग्निरोधक" अशी होती, आणि ७ डिसेंबर १९४६ च्या पहाटेपर्यंत तिथेही काही झालं नव्हतं. त्या पहाटे ११९ माणसं गेली. इमारतीचा सांगाडा खरोखरच उभा राहिला, पण खाली उतरायला जिना एकच होता आणि धूर-आग त्याच जिन्याने वर आली. १९८० मध्ये लास व्हेगासच्या एमजीएम ग्रँड हॉटेलात आग तळमजल्यावर लागली, मेले ते ८५, आणि त्यातले बहुतेक वरच्या मजल्यांवर धुराने गुदमरून. इतकं झाल्यावर १९९० मध्ये अमेरिकेने कायदा केला. सरकारी कामाने फिरणाऱ्या कर्मचाऱ्यांनी कुठे उतरावं याच्या त्यात अटी घातल्या, खोल्यांत धूर ओळखणारी यंत्रं हवीत आणि तीन मजल्यांपेक्षा उंच इमारतीत आग लागली की छतातून पाणी फवारणारे स्प्रिंकलर हवेत. म्हणजे एका देशाच्या संसदेला जे कळलं, की कामासाठी पाठवलेला माणूस कुठे झोपतो ही पाठवणाऱ्याची जबाबदारी आहे, तेच मी रात्री काउंटरवर उभी राहून सांगत होते.

तू म्हणशील, ताई, कुठे कुलूपबंद जिना आणि कुठे ठिबकणारा एसी. बरोबर आहे. पण बोलणारं तोंड एकच असतं. ज्या मुलीने ठिबक टॉवेलने दाबली, तिच्यापुढे उद्या साखळी आली तर तिला बोलायची सवयच नसेल. साहेब समोर उभे असताना पहिल्यांदा तोंड उघडणं जमत नाही. मला जमलं, कारण त्याआधी मी खराब नळ, तुटकी कडी, ओल्या चादरी अशा असंख्य क्षुल्लक गोष्टींसाठी काउंटरवर उभी राहिले होते. तेव्हाही लोक मला कटकटी म्हणायचे.

तुझं ते वाक्य, "मी नवीन आहे, नखरे वाटले असते," ते मी तीनदा वाचलं. कोणाला वाटले असते? त्या रात्री तिथे तुझ्या ऑफिसचं कोणी नव्हतंच! समोर रात्रपाळीचा एक मुलगा होता, त्याला तू नवीन की जुनी, याच्याशी काय देणंघेणं? त्याच्यासाठी तू त्या नंबरच्या खोलीतली पाहुणी. आणि ज्या ऑफिसला तू नखरेल वाटशील म्हणून घाबरलीस, त्या ऑफिसला नऊ वाजता काय दिसलं? आकडे विसरणारी मुलगी. त्यांना ना एसी दिसला, ना लिफ्ट. मला याचं फार लागतं गं. तू चार आठवडे त्या आकड्यांवर बसली होतीस, मी बघितलंय.

त्या मुलाशी मात्र चांगलं बोलायचं. आवाज चढवायचा नाही, "तुम्हा लोकांचं हे नेहमीचंच" असलं काही नाही. तो बहुधा एकटा असतो, फोन, दार, बिलं सगळं त्याच्यावर, आणि एसीची नळी त्याने तुंबवलेली नसते. त्याचं नाव विचार, त्याच नावाने बोल, आणि त्याने मदत केली तर सकाळी त्याच्या मॅनेजरला दोन ओळी लिहून दे. हॉटेलात तक्रारी लेखी येतात आणि कौतुक तोंडी विरून जातं, त्यामुळे त्या दोन ओळींना मोल असतं. ठाम राहायला कडक व्हावं लागत नाही. हे मला माझ्या साहेबांनीच शिकवलं.

आणि प्रत्येक गोष्टीसाठी खाली पळायचं असंही नाही. पडद्याचा रंग, खिडकीतून दिसणारी भिंत, कोमट चहा, फोटोपेक्षा लहान निघालेली खोली, हे सोडून द्यायचं. झोप, सुरक्षितता, स्वच्छता, पाणी. यात खोट असेल तर मात्र सोडायचं नाही.

आता तुझ्या प्रश्नाकडे येते. रिव्ह्यू आज लिहू नकोस. जे तू त्यांच्या तोंडावर "छान" म्हणालीस ते चार दिवसांनी जगासमोर "भयंकर" म्हणायचं, हे मला पटत नाही, आणि तो "छान" ऐकणारा मुलगा ते वाचेल तेव्हा त्यालाही पटणार नाही. आधी हॉटेलच्या मॅनेजरला मेल कर. तारीख, खोलीचा नंबर, फोन किती वाजता केला ती वेळ (तुझ्या मोबाइलवरून केला असशील तर नोंद असेलच), काय झालं आणि कोणी आलं नाही हे. विशेषणं नकोत. निघताना आपण काही बोललो नाही हेही त्यात स्वच्छ लिही. पैसे परत मागायचे की नाही ते ऑफिसने ठरवावं, बिल त्यांचं आहे. उत्तराची आठवडाभर वाट बघ. आलं नाही किंवा थातूरमातूर आलं, तर मग रिव्ह्यू लिही, मेलमध्ये होतं तेवढंच. तेव्हा मी तुला अडवणार नाही.

ऑफिसला मात्र आजच कळव. मीटिंग बिघडली म्हणून सबब द्यायला नाही. मीटिंगबद्दल त्यात एक शब्दही घालू नकोस, ते वेगळं बोलायचं आणि समोरासमोर बोलायचं. ट्रॅव्हल डेस्कला फक्त एवढं की या हॉटेलात या तारखेला हे घडलं, आणि पुढच्या महिन्यात मला परत तिकडे जायचंय तेव्हा दुसरं हॉटेल बघा. तूच लिहिलंयस की पुढच्या महिन्यात परत जायचंय आणि त्यांचं ठरलेलं हॉटेल तेच आहे. त्यांना कोणी सांगितलंच नाही तर ते तिथेच बुकिंग करणार, तुझं आणि तुझ्यानंतर येणाऱ्या नव्या मुलीचंही. दुसरं हॉटेल नाही मिळालं, तर निघायच्या आदल्या दिवशी स्वतः फोन करून लिफ्टपासून लांबची खोली माग आणि फोन घेणाऱ्याचं नाव लिहून ठेव.

मेलचा मसुदा मला तपासायला पाठवू नकोस. तू तो पाठवशील, मी दोन दिवसांनी बघेन, तू पुन्हा सुधारशील, आणि तोवर पुढचा महिना उजाडेल. सरळ त्यांनाच पाठव, आज जेवणाच्या सुट्टीआधी, आणि मला सीसीत ठेव.

तुझी,
ताई